मारिंगी सुंबा : शिकाऊ हातांचं हॉटेल

हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या मी आधी पलंग बघते. चादरीचा कोपरा नीट ४५ अंशांत दुमडलाय, की गादीखाली नुसता कोंबलाय? हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना हाउसकीपिंग शिकवण्यात आयुष्य गेलं, ही खोड आता सुटायची नाही. धाकटी जाऊ याला ‘ताईंची परीक्षा’ म्हणते. मारिंगी सुंबात पलंग पहिल्या फटक्यात पास झाला. आणि तो लावणारी मुलगी अजून शिकतेय, हे नंतर कळलं तेव्हा मी तो पुन्हा एकदा जवळ जाऊन बघितला.

सुंबा हे इंडोनेशियातलं बेट, बालीहून विमानाने साधारण तासाभरावर. आपल्याकडची मंडळी बालीला ढिगाने जातात, उबुदला झोक्यावर बसून फोटो काढतात आणि परत येतात. पुढचं विमान पकडून सुंबाला जाणारे विरळाच. बेट आकाराने बालीच्या जवळपास दुप्पट, पण वस्ती आठ लाखांच्या घरात. हिरवीगार बाली डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर उन्हाळ्यातली पिवळी माळरानं, मक्याची शेतं आणि रस्त्यात आडवी येणारी छोट्या चणीची घोडी बघून चकित व्हाल. हा प्रांत, पूर्व नुसा तेंगारा, देशातल्या सगळ्यांत गरीब प्रांतांपैकी एक. तरुणांनी शेती करावी, नाहीतर बेट सोडावं, अशी परिस्थिती.

तिथे इंगे दे लाथाउवर या बेल्जियन बाईंनी सुंबा हॉस्पिटॅलिटी फाउंडेशन ही संस्था काढली आणि हॉटेलकामाची निवासी शाळा उभी केली. २०१६ पासून ती चालू आहे. बेटाच्या चारही जिल्ह्यांतली, पैशाअभावी पुढे शिकणं अवघड असलेली मुलंमुली इथे येतात. स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, स्वागतकक्ष, जेवणाची सेवा हे विषय, आणि जोडीला इंग्रजी. मारिंगी हे त्याच आवारातलं हॉटेल. मुलांचा सराव तिथे होतो आणि हॉटेलची मिळकत शाळेकडे जाते.

खोल्या बांबूच्या, गोलाकार झोकाच्या, बाग भोवताली. वीज सौर पॅनेलांवर. फोटोत फार देखणं दिसतं आणि प्रत्यक्षातही आहे, त्यावर जास्त शाई खर्च करत नाही. मला रस होता तो कामात.

सकाळी आमच्या शेजारची खोली आवरणं चाललं होतं. दार सताड उघडं, म्हणून मी उभी राहिले. एक मुलगा आणि एक मुलगी चादर झटकून घालत होते. शिक्षिका दारात, हाताची घडी घालून. चादरीची मधली रेघ किंचित सरकली होती. शिक्षिका काही बोलल्या नाहीत. मुलीनेच मागे होऊन पाहिलं, मान हलवली आणि अख्खी चादर काढून पुन्हा घातली. शिकवणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवं असतं? माझ्या वर्गातली निम्मी पोरं ‘मॅडम, वरून बेडकव्हर येणारच आहे ना’ म्हणायची.

जेवणाच्या टेबलावरही तेच. ट्रे डाव्या तळहातावर, उजवा हात मोकळा, पाणी ओतताना बाटलीचं लेबल पाहुण्याकडे. ऑर्डर घेतल्यावर ती पुन्हा वाचून दाखवायची. यात वेळ जातो आणि जाऊ द्यावा. शिकाऊ मुलगा पटापट काम करायला लागला की समजावं, तो पायऱ्या गाळतोय. घाई असेल त्याने हे ठिकाण निवडूच नये.

जाऊ शाकाहारी, त्यामुळे मी धास्तावले होते. पण आवारात त्यांचीच सेंद्रिय शेती आहे, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू तर इंडोनेशियात कुठेही मिळतं. आणि शेवग्याचा पाला! त्या भागात तो सर्रास खातात, पातळ रश्श्यात. जाऊने वाटी संपवून ‘यात थोडी डाळ हवी होती’ एवढाच शेरा मारला, म्हणजे तिला आवडलं. शाकाहाऱ्यांनी एक विचारून घ्यावं: सांबाल नावाच्या ठेच्यात बऱ्याचदा सुकी कोळंबी वाटलेली असते.

आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा. परदेशी माणसाने गरीब बेटावर हॉटेल काढायचं आणि शेजारी धर्मादाय संस्था, ही पद्धत सुंबाला नवी नाही. क्लॉड ग्रेव्ह्ज हे अमेरिकन गृहस्थ १९८८ मध्ये चांगल्या लाटांच्या शोधात इथे पोचले. त्यांनी आणि पत्नी पेट्रा यांनी पश्चिम किनाऱ्यावर निहिवातू हे हॉटेल उभं केलं. २००१ मध्ये ग्रेव्ह्ज आणि शॉन डाउन्स यांनी सुंबा फाउंडेशन सुरू केलं. विहिरी, दवाखाने, शाळेत जेवण, मलेरियाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणाऱ्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षण, अशी त्याची कामं. पुढे २०१२ मध्ये हॉटेल क्रिस बर्च या अमेरिकन उद्योजकाकडे गेलं. निहि सुंबा या नावाने ते आज जगभर गाजतं, एका मोठ्या अमेरिकी प्रवास मासिकाच्या वाचकांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याला जगातलं पहिल्या क्रमांकाचं हॉटेल ठरवलं. मी तिथे राहिलेली नाही, तेवढी ऐपतही नाही. मलेरियावरचं काम मात्र खरोखर मोलाचं आहे, ते हॉटेल परवडत नाही म्हणून नाकारण्यात अर्थ नाही.

तरी मला मारिंगीची रीत जास्त पटते. दुसऱ्या एका देशात, एका बड्या रिसॉर्टमध्ये, उशीवर चॉकलेटशेजारी देणगीचं कार्ड ठेवलेलं असायचं आणि दुपारी ‘गाव बघायला’ गाडी निघायची. पाहुणे शाळेत जाऊन पोरांना पेन्सिली वाटून यायचे. मला ते बघवायचं नाही. मारिंगीत कुणाची गरिबी बघायला जावं लागत नाही. समोरचा मुलगा युनिफॉर्ममध्ये, त्याच्या कामात, तुमच्यापेक्षा त्या कामातलं थोडं जास्त जाणणारा. तुम्ही बिल भरता, देणगी नाही.

जाऊने मात्र नेमकी दुखरी नस धरली. ‘ताई, ही पोरं शिकून बालीला जाणार. मग सुंबाला काय मिळालं?’ प्रश्न रास्त आहे. माझीही चांगली पोरं क्रूझवर गेली, गावात कुणी राहिलं नाही. घरी पैसे येतात, धाकटं भावंड शिकतं, हे खरं. पण बेटावर चांगली हॉटेलं वाढली तरच ही मुलं बेटावर टिकतील, आणि हॉटेलं वाढली की जमिनीचा प्रश्न आलाच. इंडोनेशियात १९६० च्या कृषी कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. कंपनीच्या नावे किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने वाट काढली जाते. सुंबात जमीन म्हणजे कुळाची, पूर्वजांची दगडी थडगी अंगणात असलेली. २०१८ मध्ये पश्चिम सुंबातल्या मारोसी किनाऱ्यावर हॉटेलसाठीच्या जमीनमोजणीच्या वेळी गोळीबार होऊन एका गावकऱ्याचा जीव गेला. त्याचा या शाळेशी काहीही संबंध नाही. पण किनाऱ्यावरच्या कुठल्याही हॉटेलात राहण्याआधी जमीन कशी घेतली हे विचारायला लाजू नये.

कुणी जाऊ नये तेही सांगते. खोलीतून पाय थेट वाळूत पडायला हवे असतील तर नको, मारिंगी किनाऱ्यावर नाही. रात्री बाजारात भटकायची सवय असेल तरी नको. रातेंगारोतली उंच शिखरांच्या छपरांची घरं आणि वेइकुरीचं खाऱ्या पाण्याचं निळं तळं बघायचं तर दिवसभराची गाडी ठरवावी लागते, रस्ता वळणावळणाचा आहे.

विमान तांबोलाकाचं घ्या, मारिंगी त्याच बाजूला आहे. बेटावरचा दुसरा विमानतळ, वाइंगापू, पार दुसऱ्या टोकाला आहे. रोख रुपिया बालीतच काढून न्या. भारतीयांना इंडोनेशियात पोचल्यावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपियांचा, आकडा बघून दचकू नका. भाल्यांनी घोड्यावरून खेळायचा पासोला बघायचा असेल तर फेब्रुवारी-मार्च, पण नेमकी तारीख रातो, म्हणजे तिथले पुजारी, चंद्र आणि समुद्रातल्या न्याले किड्यांवरून ठरवतात. तेव्हा परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा.