ड्रोनची स्क्रीन काळी झाली आणि मी २१ हजारांना बुडालो

कराडच्या आसपास मी लग्नाची शूटिंगं घेतो. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, एक भाचा मदतीला आणि २४९ ग्रॅमचा एक छोटा ड्रोन. हा ड्रोन मी जानेवारी २०२१ मध्ये ओळखीच्या ओळखीतून मुंबईहून मागवला होता. पक्कं बिल मिळालं नव्हतं. मागितलंही नव्हतं, कारण बिलाशिवाय स्वस्त पडत होता. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीवर उभं आहे.

मार्चमधली एक हळद. शेतातल्या मांडवावरून ड्रोन वर नेला. बारा मीटरवर असताना मोबाईलवरचं चित्र एकदा थरथरलं आणि गेलं. बॅटरी ७१ टक्के दिसतेय, उपग्रह १४ दिसतायत, उंची दिसतेय, पण चित्राच्या जागी तव्यासारखं काळं. नवरीचा मामा मागून म्हणतोय, "आम्हाला पण दाखवा की जरा." ड्रोन डोळ्यांनी बघत बघत कसाबसा बांधावर उतरवला आणि मामांना सांगितलं, वारं फार आहे. पानही हलत नव्हतं.

त्या रात्री घरी जे जे सुचलं ते केलं. मोबाईल आणि रिमोट जोडणारी केबल बदलली. त्या केबलच्या एका टोकावर बारीक मोबाईलचं चित्र असतं, ते टोक मोबाईललाच लावायचं असतं. माझ्याकडून ते बरेचदा उलटं लागतं, म्हणून ते आधी तपासलं. ड्रोन उडवायचं ॲप काढून परत टाकलं, भाच्याचा मोबाईल लावला, फर्मवेअर म्हणजे ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट केलं. फरक शून्य. ड्रोन सुरू केला की कॅमेरा नेहमीसारखी मान डोलवून सरळ होतो, रिमोटशी जोडणीही होते, आकडे येतात. चित्र तेवढं नाही.

आज कळतं की तिथेच अर्धं उत्तर होतं. आकडेही नाहीत आणि चित्रही नाही, अशी परिस्थिती असेल तर संशय मोबाईल, केबल, ॲप यांच्यावर घ्यायचा. नुसती चार्जिंगची केबल लावली किंवा मोबाईलने यूएसबी जोडणी 'फक्त चार्जिंग' करून ठेवली की असं होतं. पण आकडे येतायत आणि चित्र येत नाही, म्हणजे रिमोटपासून ड्रोनपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. अडलंय ते बहुतेक कॅमेऱ्यापाशी. शिवाय तीन आठवड्यांपूर्वी तो चिंचेच्या फांदीला घासून खाली आला होता. तेव्हापासून कॅमेरा पूर्ण खाली वळवला की चित्रात हिरवट रेघा यायच्या आणि वर घेतला की जायच्या. मी म्हटलं, चालतंय तोवर चालू दे.

पुढच्या पंधरवड्यात चार लग्नं होती. एका व्यवसायबंधूने पुण्यातल्या एका दुकानाचं नाव सुचवलं. पेठेतल्या इमारतीत दुसरा मजला, काचेचं दार, भिंतीवर ड्रोनच्या पंखांच्या जोड्या टांगलेल्या. काउंटरवरचा माणूस तिशीतला, अतिशय गोड बोलणारा. मी पिशवीतून ड्रोन काढला. हिरव्या रेघांपासून काळ्या स्क्रीनपर्यंत सगळी हकीकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला.

"सर, बिल आहे का?"

म्हटलं, नाही. "आणि नोंदणी? यूआयएन काढलाय?" यूआयएन म्हणजे नोंदणी केल्यावर ड्रोनला मिळणारा स्वतंत्र क्रमांक. ड्रोन नियम, २०२१ आले तेव्हा नोंदणी करायला हवी, हे मला माहीत होतं. केली नव्हती. आळस माझाच. त्यावर तो हसून म्हणाला, "काही हरकत नाही सर, आपल्याकडे नव्वद टक्के लोकांचं असंच आहे. टेन्शन घेऊ नका." मला वाटलं, काय समजूतदार माणूस आहे! त्याने तिथल्या तिथे माझं वजन करून घेतलं होतं. हा माणूस उद्या कुठे तक्रार करणार नाही, एवढंच त्याला बघायचं होतं.

ड्रोन आत गेला. मी बाहेर स्टुलावर. दहाएक मिनिटांनी तो बाहेर आला, चेहरा डॉक्टरसारखा. "मेन बोर्ड गेलंय सर. ट्रान्समिशन सेक्शन जळालाय." खर्च १८,५०० रुपये. एवढे का, तर सरकारने ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे, बोर्ड 'आडवाटेने' आणावं लागतं. ८,००० रुपये आधी द्या. मी लगेच यूपीआयने दिले. रिमोट, तिन्ही बॅटऱ्या, चार्जर सगळं ठेवून घेतलं, "टेस्टिंगला लागेल" म्हणून. हातात पावती दिली ती अशी: वर 'एस्टिमेट', खाली 'ड्रोन १ नग, सर्व्हिस', आणि आकडा. दुकानाचा शिक्का नाही, ड्रोनचा नंबर नाही, काय बदलणार त्याचा उल्लेख नाही.

आयातबंदीचं अर्धसत्य नंतर कळलं. ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी व्यापार महासंचालनालयाने तयार ड्रोन आणि सुट्या भागांच्या संचातून जोडायचे ड्रोन यांची आयात बंद केली, हे खरं. पण त्याच अधिसूचनेत ड्रोनचे सुटे भाग मात्र खुले ठेवले आहेत, त्यांना परवानगी लागत नाही. म्हणजे 'आडवाट' ही फक्त माझ्या खिशापर्यंत जाणारी होती.

चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. निळ्या मॅटवर एक हिरवं बोर्ड, एक कोपरा काळा पडलेला. खाली लिहिलेलं, "सर बघा कंडिशन." बघून काय कळणार? मी अंगठा पाठवला. दहाव्या दिवशी फोन: "झालंय, पण जिंबल कॅलिब्रेशनचे २,५०० वेगळे." जिंबल म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी, त्याची मान वळवणारी यंत्रणा. लग्न परवावर आलेलं. भाच्याला एसटीने पाठवलं, उरलेले पैसे दिले, ड्रोन आला. एकूण २१,००० रुपये. चित्र आलं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी मी त्या माणसाला धन्यवादाचा मेसेजही केला.

संशय आला तो लग्नाचं फुटेज संगणकावर टाकल्यावर. उजवा वरचा कोपरा मऊ, जणू लोण्याचं बोट फिरवलंय. मांडवाच्या डाव्या कडेची झालर एकेक दोरा दिसेल अशी आणि उजवीकडची नुसता पट्टा. चार वर्षांत या कॅमेऱ्याने असं कधी केलं नव्हतं. मग एक बॅटरी अकरा मिनिटांतच परत फिरायला सांगू लागली. ॲपमध्ये बॅटरीची माहिती उघडली. ती किती वेळा चार्ज झाली, तो आकडा तिथे असतो. माझ्या तीन बॅटऱ्या मी आलटूनपालटून वापरतो, दोघींचे आकडे साठीच्या आसपास. तिसरीचा २१४. ती माझी नव्हतीच.

आता नशीब कसं बघा. वर्षभरापूर्वी भाच्याने ॲपमधल्या 'अबाउट' पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, कशासाठी ते त्यालाही आठवत नाही. त्या पानावर ड्रोनचा, फ्लाइट कंट्रोलरचा (म्हणजे उडणं सांभाळणाऱ्या भागाचा), कॅमेऱ्याचा, रिमोटचा असे वेगवेगळे अनुक्रमांक असतात. जुना स्क्रीनशॉट आणि आजचं पान शेजारी ठेवलं. ड्रोनचा नंबर तोच. फ्लाइट कंट्रोलरचा तोच. कॅमेऱ्याचा वेगळा.

कोल्हापुरात मोबाईल दुरुस्त करणारा एक पोरगा आहे, सूक्ष्मदर्शकाखाली काम करतो. त्याच्याकडे गेलो. त्याने आधी व्हॉट्सॲपवरचा फोटो बघितला आणि हसलाच. "भावा, हे बोर्ड तुझ्या मॉडेलचं न्हाईच." मग माझ्यासमोर ड्रोन उघडला. बोर्डावर उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट होती, ती कडेने वाळून भेगाळलेली, मूळची. बोर्ड काढून नवं बसवलं असतं तर पेस्ट ताजी दिसली असती आणि फ्लाइट कंट्रोलरचा नंबर बदलला असता, कारण तो त्या बोर्डावरच बसतो. थोडक्यात, बोर्डाला कुणी हातही लावलेला नव्हता.

मग त्याने एका मोडक्या ड्रोनची कॅमेऱ्याची वायर दाखवली. केसाएवढ्या बारीक तारांची एक जुडी, कॅमेऱ्याच्या पाठीतून निघते, जिंबलच्या सांध्यांतून वळसे घेत बोर्डापर्यंत जाते. चित्र वाहतं ते यातून. कॅमेरा हलवणाऱ्या मोटरींची पट्टी वेगळी, म्हणून ही जुडी तुटली तरी मान डोलते. फांदीला घासल्यावर त्यातल्या काही तारा अर्धवट तुटल्या असणार. कॅमेरा खाली वळला की ताण यायचा, रेघा दिसायच्या. एके दिवशी उरलेल्याही गेल्या. "तू त्याला रेघांचं सांगितलंस का?" सांगितलं होतं. "मग त्याला उघडायच्या आधीच कळलं असणार. बोर्ड जळालं असतं तर बहुतेक वेळा बॅटरीचे टक्केसुद्धा दिसले नसते."

पोराच्या अंदाजाने झालं ते असं. जुडी काही शे रुपयांची, पण ती सांध्यांतून ओवायची म्हणजे तास-दीड तासाचं डोळे फोडायचं काम. त्याऐवजी कुठल्या तरी पडलेल्या ड्रोनचा अख्खा कॅमेरा काढून माझ्याला बसवला की वीस मिनिटांत चित्र हजर. माझा मूळ कॅमेरा, ज्यात वायरीशिवाय काहीच बिघडलं नव्हतं, तो त्यांच्याकडे. फुरसतीत वायर ओवली की पुढच्या गिऱ्हाइकाला 'ओरिजिनल कॅमेरा' म्हणून विकायला मोकळे. बोर्डाचे पैसे घेतले ते वरकड, आणि बॅटरी म्हणजे जाता जाता खुडलेली भाजी. हे सगळं काम पोरगा किती रुपयांत करून देतो, विचारलं. वायरीसकट बाराशे. मी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

दोन दिवसांनी पुण्याला गेलो. तोच काचेचा दरवाजा, तोच गोड आवाज, पण "सर"चं "अहो" झालं होतं. स्क्रीनशॉट दाखवला. "ॲपमध्ये नंबर असेच बदलतात." बॅटरी दाखवली. "तुम्ही काय आणलं होतं ते आम्ही कुठे लिहून घेतलंय?" जुनं बोर्ड परत मागितलं. "ते स्क्रॅपला गेलं." आवाज चढला तसा तो पुढे वाकून म्हणाला, "चला ना पोलीस स्टेशनला. आधी तुमच्या ड्रोनचे कागद दाखवू, मग माझं बघू." मी खाली आलो, रसवंतीवर उसाचा रस प्यायलो आणि परतीची एसटी धरली. त्या दिवशी मी घाबरलो, हे लपवत नाही.

या भीतीवरच त्याचं दुकान चालतं. ती बरीचशी फुसकी आहे, हे मला एका वकिलांनी सांगितलं. त्यांच्या मुलीचं लग्न मी शूट केलं होतं. ते म्हणाले, नोंदणी न करणं ही तुझी चूक, तिचं तू बघ. पण पैसे घेऊन खोटी दुरुस्ती करणं ही त्याची सेवेतली त्रुटी, तो मामला वेगळा. ड्रोनच्या खरेदीचं बिल त्यासाठी लागत नाही. दुरुस्तीचे पैसे दिल्याचा पुरावा लागतो आणि तो यूपीआयमध्ये आहे. मी धंद्यासाठी वापरतो, मग ग्राहक कसा, हेही विचारलं. फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वापर असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला ग्राहकच मानतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. तिथून दुकानाकडे विचारणा गेल्यावर आठच दिवसांत कुरियरने एक बॅटरी आली, चिठ्ठी नाही, काही नाही. ड्रोनला लावून ॲपमध्ये बघितली. ६३ वेळा चार्ज झालेली. माझीच. कॅमेऱ्याचं आणि पैशांचं अजून काही नाही, जिल्हा आयोगाची तक्रार वकिलांनी लिहून दिली आहे.

दुरुस्तीला काही द्यायची वेळ आली तर आता माझी पद्धत अशी. 'अबाउट' पानाचा आणि प्रत्येक बॅटरीच्या माहितीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशीचा. बिघाडाचा व्हिडिओ. चित्र येत नसेल तर आधी बटण दाबून फोटो काढायचा आणि मेमरी कार्ड काढून संगणकावर बघायचं. फोटो नीट आला असेल तर कॅमेरा ठणठणीत आहे, कुणी कॅमेरा बदलायला सांगितलं तर पिशवी उचलायची. बॅटऱ्या एकाहून जास्त द्यायच्या नाहीत. पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्यायचा आणि 'काढलेला भाग परत देणार' हेही. या शेवटच्या ओळीला जो नाही म्हणतो, त्याच्याकडे ठेवायचंच नाही. नोंदणीचं काय करता येईल, तेही विचारत फिरतोय, त्याची कथा वेगळी.

परवा विट्याच्या एका फोटोग्राफरचा फोन आला. ड्रोनमध्ये चित्र येत नाही, आकडे येतात, कालच पुण्याला देऊन आलोय, मेन बोर्ड गेलंय म्हणतात. कुठल्या दुकानात, ते मी विचारलंच नाही.

"आत गेल्यावर त्याने पहिल्यांदा काय विचारलं?"

थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाला, "बिल आहे का, म्हणून विचारलं. का हो?"