पितळी बॉलकॉक: पैसे जादा गेले, पण वसूल झाले

कोल्हापुरात आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात मीटर एक आणि बिऱ्हाडं दोन. वर भाडेकरू, खाली आम्ही, पाण्याचं बिल निम्मं-निम्मं. त्यामुळं बिल फुगलं की दोन्हीकडं संशय: वरची पोरं शॉवरखालनं हलत नाहीत, नाहीतर काकी अंगण फार धुतात.

चोर निघाला गच्चीवरच्या टाकीत. बॉलकॉक म्हणजे टाकी भरली की तरंगत्या फुग्यानं पाणी आपोआप बंद करणारी झडप. आमच्या प्लास्टिकच्या बॉलकॉकच्या फुग्यात पाणी शिरून तो बुडाला होता. पहाटे दाबानं पाणी आलं की टाकी भरून ओव्हरफ्लोच्या पाइपातनं धार चालू. त्या धारेखाली पंधरा लिटरची बादली धरली, तर मिनिटात भरली. म्हणजे तासाला 900 लिटर, आणि आमचं बिल दर हजार लिटरमागं! वापर वाढला की दराचा टप्पाही चढतो, खाली सांडपाण्याचा अधिभार आहेच. काळम्मावाडी धरणाचं पाणी 53 किलोमीटर पाइपातनं पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं, 2023 च्या दिवाळीत साऱ्या गावाला त्याचं केवढं अप्रूप! आणि आमच्या गच्चीवरनं ते गटारीला.

लक्ष्मीपुरीतनं अर्ध्या इंची पितळी बॉलकॉक आणला. प्लास्टिकपेक्षा बराच महाग. दुकानदार म्हणाला, "काकी, दांडी पितळेचीच बघून घ्या, नुसत्या मुलाम्याची नको." दांडी जाड आहे, आटे स्वच्छ, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला तर थेंब नाही. पाणी कुठं थांबवायचं ते दांडी जरा वाकवून ठरवता येतं, हे मला लै आवडलं.

खोडी दोन. टाकी भरत आली की "घूंऽऽ" असा आवाज करतो. वरची पोरं पहिल्या पहाटे दचकून गच्चीवर पळाली. पावसाळ्यात गाळ वॉशरखाली अडकला की थोडं झिरपतंही. काढून धुवावा लागतो.

पुढचं बिल खालच्या टप्प्यात आलं. पोरांना त्यांचा निम्मा वाटा सांगितला तर त्यांनी परत विचारून घेतला.

घ्यायच्या आधी, टाकी भरलेली असताना, घरातले सगळे नळ बंद करून मीटरवरचं बारकं चाक बघा. फिरत असलं तर कुठंतरी गळतंय. पण टाकीत पाणी सोडणारी तोटी बंद करूनही ते फिरत राहिलं, तर बॉलकॉक आणू नका, प्लंबर बोलवा. आणि येताना दोन जादा वॉशर मागून घ्या, सुटे मिळायला वणवण होते.