मराठी चॅनेल जगापर्यंत न्यायचंय: सबटायटल, डबिंग, इंग्रजी चॅनेल की अबोल व्हिडिओ?

माझी आत्या मालवणजवळ राहते आणि तिच्या स्वयंपाकाच्या व्हिडिओंचं संकलन मी पुण्यातून करतो. घावनांच्या व्हिडिओखाली एकदा ब्राझीलमधल्या एका बाईंनी पोर्तुगीजमध्ये लिहिलं, की आमच्याकडे टॅपिओकाचं असंच पातळ काहीतरी तव्यावर करतात, तर यासाठी तांदूळ कोणता घ्यायचा? मी ते आत्याला वाचून दाखवलं, तर तिने आधी विचारलं, "तिच्याकडे बिडाचा तवा आहे का?" त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही बहुतेक सगळे मार्ग करून पाहिले. तुमचं चॅनेल स्वयंपाकाचं असो, वारलीचं असो की भरतकामाचं, यातलं काय कोणाला झेपेल ते सांगतो.

सबटायटलपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच उभं राहतं. इथे पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. दहा मिनिटांच्या व्हिडिओला माझे तीन तास जातात. यंत्राकडून आयतं भाषांतर घेतलं तर काही मिनिटांत होतं. पण आमच्या एका व्हिडिओत ‘कांदा गुलाबी होईस्तोवर परता’ यातल्या ‘परता’चं इंग्रजीत ‘परत या’ झालं होतं. तेव्हापासून आधी आत्याचं बोलणं जसंच्या तसं मराठीत टंकतो, वेळेच्या खुणा लावून एसआरटी फाइल (कोणत्या सेकंदाला कोणतं वाक्य दिसावं हे सांगणारी साधी मजकूर-फाइल) करतो आणि त्यावरून इंग्रजी स्वतः लिहितो. मूळ मराठी मजकूर नीट असला की यूट्यूबवर इतर भाषांत आपोआप होणारं भाषांतरही सुधारतं, कारण ऐकण्यातली चूक तरी टळलेली असते. पूर्वी प्रेक्षक सबटायटल लिहून पाठवू शकत. ती सोय यूट्यूबने सप्टेंबर 2020 मध्ये बंद केली, त्यामुळे हे काम आता आपल्यालाच करावं लागतं.

शब्दांइतकाच घोळ मापांचा होतो. आत्याची वाटी दीडशे मिलीची, अमेरिकेतला कप साधारण 240 मिलीचा. पीठ आणि पाणी एकाच मापाने घेतलं तर निभतं. पण मीठ चमच्याने आणि आमसुलं मोजून टाकायची असली की चव हुकते. म्हणून सबटायटलमध्ये मी ग्रॅम आणि मिली लिहितो. तांदळाच्या पिठापुढे ‘चिकट तांदळाचं नको’ असंही आवर्जून लिहितो, कारण परदेशातल्या दुकानांत दोन्ही पिठं शेजारी शेजारी असतात आणि चुकीचं आणलं तर मोदकाची उकड हातातच राहते. बेसनाची अडचण नाही: इटलीत ‘फारीना दी चेची’, स्पॅनिशमध्ये ‘आरीना दे गार्बान्सो’, दोन्हीचा अर्थ चण्याचं पीठ. असे चार शब्द त्या त्या भाषेत माहितीच्या रकान्यात टाकले, तरी समोरच्याला आपली आठवण ठेवल्यासारखं वाटतं. आणि परदेशात वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांना आजीचं बोलणं कळतं पण देवनागरी वाचता येत नाही. त्यांनाही हेच इंग्रजी सबटायटल उपयोगी पडतं.

सबटायटलची खरी उणीव एकच. हात पिठात असताना कोणी वाचत नाही, ऐकतं. तिथे डबिंग सरस ठरतं. यूट्यूबने 2023 मध्ये एकाच व्हिडिओला अनेक भाषांचे आवाज जोडायची सोय जाहीर केली, आणि तिचा मोठा फायदा म्हणजे व्ह्यूज आणि प्रतिक्रिया एकाच ठिकाणी जमतात. मिस्टरबीस्ट या अमेरिकन यूट्यूबरनेही आधी स्पॅनिशसारख्या भाषांची वेगळी चॅनेलं चालवली आणि मग मुख्य चॅनेलवरच आवाज जोडण्याकडे वळला. इतिहास, विज्ञान, मुलांच्या गोष्टी असं समजावून सांगण्याचं काम असेल तर मी डबिंगलाच मत देईन. पण आत्याचा आवाज एका सेवेकडून यंत्राने डब करून घेतला, तेव्हा सत्तरीच्या बाईच्या जागी पंचविशीतली वृत्तनिवेदिका बोलायला लागली. आत्या गप्प बसून ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही कोण?" मी ती फाइल काढून टाकली. जिथे माणूस पाहायला लोक येतात तिथे त्याचा आवाज बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. डबिंग करायचंच तर यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे आपल्या चॅनेलचे आकडे दिसतात तिथे, प्रेक्षकांचे देश आणि सबटायटलच्या भाषा आधी तपासा आणि जी भाषा सलग काही महिने वर दिसते तेवढ्या एकीवरच पैसे घाला.

वेगळं इंग्रजी चॅनेल म्हणजे दुसरा संसार. दुप्पट चित्रीकरण, दुप्पट प्रतिक्रिया, आणि नव्या चॅनेलवर शून्यातून प्रेक्षक जमवणं. तुम्हाला इंग्रजीत सहज विनोद करता येत असेल आणि मदतीला माणसं असतील तरच याच्या वाटेला जा. ‘मधुराज रेसिपी’च्या मधुरा बाचल यांनी 2009 मध्ये अमेरिकेतून सुरुवात केली ती इंग्रजीत. घराघरांत नाव झालं ते पुढच्या मराठी चॅनेलमुळे. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टईजवळचं ‘व्हिलेज कुकिंग चॅनेल’ तर तमिळमध्येच बोलत राहिलं आणि 2021 मध्ये त्याचे एक कोटी सबस्क्रायबर झाले. शेतातल्या चुली, मोठ्या कढया आणि आजोबांची हाक, यांना भाषांतराची गरज फारशी पडली नाही.

राहिला अबोल व्हिडिओ. चीनमधल्या सिचुआनच्या ली झीची हिच्या व्हिडिओंत बोलणं अगदी मोजकं असतं. चिनी भाषेतल्या चॅनेलांत सर्वाधिक सबस्क्रायबरांचा गिनीज विक्रम 2021 मध्ये तिच्या नावावर होता. रांगोळी, कुंभारकाम, वारली, पैठणीचा माग यांना हा मार्ग अप्रतिम शोभतो, कारण हात काय करतोय ते डोळ्यांना आपोआप कळतं. मात्र शब्द नसले की चित्रीकरणावरचा भार वाढतो. चांगला उजेड लागतो, जवळून घेतलेली दृश्यं लागतात आणि स्वच्छ ध्वनी लागतो. स्वस्तातला मार्ग म्हणून याकडे वळू नका.

आत्याच्या बाबतीत आम्ही मराठी आवाज आणि हाताने लिहिलेलं इंग्रजी सबटायटल यावर थांबलो, पण अबोल व्हिडिओंकडून एक गोष्ट घेतली. सुक्या कोलंबीचं सुकं करताना ती सांगते, "ऐका, चरचर बदलली म्हणजे पाणी आटलं." तिथे मी पाच सेकंद काहीच बोलणं ठेवत नाही, माइक कढईजवळ नेऊन घेतलेला तो आवाजच मोठा करतो, आणि खाली एवढंच लिहितो: आवाज बदलला, आता खोबरं घाला.