दुसरी लेन्स घेणार नसाल तर मिररलेस कशाला? खिशातला कॅमेरा आणि कॅनन आर५०, दहा महिने वापरून

मागच्या गणपतीत मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घरी आला तेव्हा नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, "मग आता तो छोटा विकून टाकायचा ना?" प्रश्न हिशेबाला धरून होता आणि मीही हो म्हणाले होते. आता आषाढ सरत आलाय. छोटा अजून घरातच आहे, आणि तो का राहिला हे सांगायला बरंच लिहावं लागणार आहे.

मी सातारा जिल्ह्यात शाळेत शिकवते. फोटो हा माझा धंदा नाही, कुणी मला त्याचे पैसे देत नाही. शाळेतले कार्यक्रम, सुट्टीतली भटकंती, घरातली लग्नं, वर्षातून एकदा वारीचा एखादा टप्पा, एवढाच माझा संसार. तुमचाही साधारण असाच असेल तर पुढचं वाचा. पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील तर मात्र इथं वेळ घालवू नका, तो वेगळाच खर्च आहे.

छोटा म्हणजे सोनीचा खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, आरएक्स१०० मार्क ३. मॉडेल २०१४ चं, मी तीन वर्षांपूर्वी पुण्यात वापरलेला घेतला. २४-७० झूम, एफ/१.८ ते २.८ (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), बॅटरी-कार्डासकट २९० ग्रॅम. मोठा म्हणजे कॅननचा ईओएस आर५०, २०२३ मध्ये आलेला, सोबत १८-४५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती. बॉडी ३७५ ग्रॅम, लेन्स १३०, मिळून अर्धा किलो आणि वर पाच ग्रॅम.

कागदावर हा फरक काहीच वाटत नाही. पर्समध्ये कळतो. छोटा माझ्या पर्समध्ये चष्म्याच्या घराशेजारी उभा राहतो आणि नंतर मी त्याला विसरून जाते. मोठ्याचं नाक पुढं आलेलं, त्यामुळं डबा आणि पाण्याची बाटली यांच्यात तो कसाही ठेवला तरी काहीतरी टोचतंच. शेवटी वेगळी बॅग घेतली. आणि वेगळी बॅग म्हटली की रोज सकाळी एसटीची वेळ झालेली असताना "नेऊ का नको" हा विचार आला. या दहा महिन्यांत छोटा जवळपास रोज शाळेत आला. मोठा सात-आठ वेळा.

पण खरा धक्का वजनाचा नव्हता. तो बसला जानेवारीत, स्नेहसंमेलनात. चौथीच्या मुलींचं कोळीगीत, त्यानंतर पहिलीतला एक शिवाजी, ज्याची दाढी घामानं एका बाजूनं सुटून लोंबत होती. स्टेजवर दोन पिवळे हॅलोजन आणि मंडपवाल्यानं हौसेनं लावलेले फिरते लाल-निळे दिवे. मी पहिल्या रांगेत नवाकोरा कॅमेरा घेऊन बसलेली. किट लेन्स ४५ पर्यंत झूम केली की एफ/६.३ च्या पुढं उघडतच नाही. नाचणारी पोरं म्हटल्यावर शटर १/२०० सेकंदाचं तरी हवं, मग आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवणारा आकडा, वाढला की फोटो दाणेदार होतो) जाऊन बसला ८००० वर. चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखं दिसत होतं. वैतागून पर्समधला छोटा काढला. तेवढाच झूम (मोठ्यावरचे ४५ आणि छोट्यावरचे ७० जवळपास सारखेच दिसतात), तेवढंच शटर, एफ/२.८, आणि आयएसओ १६००.

रात्री लॅपटॉपवर दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावले. नऊ वर्षं आधीच्या मॉडेलचे फोटो स्वच्छ होते. शिवाजीच्या दाढीचा एकेक केस मोजता येत होता आणि तिच्यामागचा डिंकही दिसत होता.

हे कसं झालं, तर साधं गणित आहे. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं भिंगाचं तोंड मोठं, आणि उजेड वाढतो तो त्या आकड्यांच्या गुणोत्तराच्या वर्गानं. ६.३ भागिले २.८ म्हणजे सव्वादोन, त्याचा वर्ग पाचाच्या जरासा वर. म्हणजे सेन्सरच्या, उजेड टिपणाऱ्या चिपच्या, दर चौरस मिलिमीटरवर छोट्याचं भिंग पाचपट उजेड टाकतं. मोठ्याचा सेन्सर मोठा आहे हे खरंच आहे. त्याचा २२.३ गुणिले १४.९ मिलिमीटर, छोट्याचा १३.२ गुणिले ८.८. क्षेत्रफळ काढलं तर तीनपटीला थोडं कमी. एकीकडं पाचपट, दुसरीकडं तीनपटसुद्धा नाही. म्हणजे किट लेन्सवर मोठा सेन्सर हरतो, आणि झूम न करता पाहिलं तरी हरतो, कारण तिथं ४.५ विरुद्ध १.८ अशी लढत आहे. मी गणित शिकवते. पैसे मोजायच्या आधी हे पाच मिनिटांत फळ्यावर मांडता आलं असतं, याची त्या रात्री स्वतःचीच लाज वाटली.

दुकानात हे कुणी सांगत नाही. मला सेन्सरच्या आकारांचं रंगीत चित्र दाखवलं गेलं, त्यात मोबाईलचा एवढासा ठिपका, एक इंची (छोट्यात असतो तो) त्याहून थोडा मोठा, आणि एपीएस-सी (मोठ्यातला) म्हणजे भला थोरला चौकोन. "मॅडम, कॉम्पॅक्ट आता कोण घेतं?" चित्र खोटं नव्हतं. चित्रात भिंग नव्हतं, एवढंच.

एक गोष्ट मोठ्याच्या बाजूनं लगेच सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. उजेड भरपूर असला की किट लेन्सवरही तो पुढं जातो. सप्टेंबरात कासला गेलो तेव्हा पठारावर ढगांची सावली आणि कडेनं एकदम पांढरं आभाळ. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल) उघडून सावली उजळली तर मोठ्यात तेरड्याचा गुलाबी रंग जसाच्या तसा हाती आला. छोट्यात आला, पण मळकट. उलट सीतेची आसवं टिपायला छोटाच बरा पडला. झूम न करता तो पाच सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो, त्यामुळं नखाएवढं जांभळं फूल मोठं दिसतं आणि मागं सगळं पठारही येतं. पण वाकताना स्क्रीनवर ऊन पडलं की काही दिसत नाही. तेव्हा त्याचा व्ह्यूफाइंडर वर काढायचा आणि मग डोळ्याला लावायचा तुकडा बोटानं मागं ओढायचा. ही दोन टप्प्यांची कवायत आहे, आणि काम झाल्यावर व्ह्यूफाइंडर खाली दाबला की कॅमेराच बंद होतो. तीन वर्षांत सवय झाली, प्रेम नाही जडलं. मोठ्याला डोळा लावला की काम सुरू. पण त्याच्याही किट लेन्सला आधी पिळा देऊन उघडावं लागतं, नाहीतर स्क्रीनवर समज मिळते. तेवढ्यात नातू खुर्चीवरून उतरून गेलेला असतो.

तर स्नेहसंमेलनानंतर दोनच रस्ते होते. मोठा विकायचा, नाहीतर त्याला नीट भिंग घ्यायचं. फेब्रुवारीत आरएफ ५० मिलिमीटर एफ/१.८ घेतली. वजन १६० ग्रॅम, किंमत किट लेन्ससकट घेतलेल्या कॅमेऱ्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आणि मग कळलं की मी मिररलेस नेमका कशासाठी घेतला होता.

मे महिन्यात भाचीची हळद होती. वाड्याचं माजघर, एकच खिडकी, तीही निम्मी सुपं-टोपल्यांनी झाकलेली. थोरल्या आत्याबाई जात्यावर हळकुंडं दळत होत्या, बाकीच्या ओव्या म्हणत होत्या. एफ/२, आयएसओ १६००. त्यांच्या बोटांच्या पेरांत बसलेली हळद, हातातल्या हिरव्या बांगड्या आणि मागं पुसट झालेल्या चार बायकांच्या हसऱ्या आकृत्या. छोट्यानं हा फोटो काढताच आला नसता. उजेडासाठी नव्हे, मागचं असं विरघळण्यासाठी. अर्थात एफ/१.८ वर बेताल झालं की फटकाही बसतो. नवरीच्या एका फोटोत नथीचा मोती लख्ख आणि डोळे मऊ. शिवाय आर५० च्या बॉडीत हात स्थिर करणारी सोय नाही आणि या लेन्समध्येही नाही, म्हणून शटर १/१२५ च्या खाली न्यायला मी धजत नाही. छोट्यात ती सोय आहे.

आणि हो, ५० ची लेन्स या सेन्सरवर ८० सारखी दिसते. घरात वाढदिवसाला मी केकचा फोटो घ्यायला मागं मागं सरकत गेले, पाठ फ्रिजला टेकली, तरी फोटोत केक होता आणि मुलीचं निम्मंच डोकं. त्या दिवशी पर्समधला छोटाच कामी आला.

वारीत यंदा चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला गेले होते, लोणंद-तरडगावच्या वाटेवर. दोन वर्षांपूर्वी छोटा घेऊन गेले तेव्हा माउलींचा अश्व येऊन गेला आणि माझ्या फोटोत पलीकडचा पताकावाला अगदी धारदार, घोड्याच्या जागी करड्या रंगाचा फराटा. ते मॉडेल धावत्या गोष्टींसाठी नाहीच. धावत्या गोष्टीवर झटकन बसणारं फेज डिटेक्शन फोकस याच मालिकेत २०१६ च्या मार्क ५ पासून आलं. यंदा मोठ्यावर ५० लावून, प्राणी ओळखायचा फोकस चालू करून दिंडीच्या कडेला उभी राहिले. टाळांचा आवाज एकदम चढला, गर्दी मागं रेटली, आणि पाठीवर स्वार नसलेला तो घोडा पुढ्यातून गेला. मी बटण दाबून धरलं होतं, बाकी काहीच केलं नाही. घरी येऊन पाहिलं तर नऊ फोटो चोख. एकात मानेवरची माती उडताना दिसते.

पण मोठ्या कॅमेऱ्यानं माणसं बदलतात, हे तिथंच जाणवलं. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका मावशींनी विचारलं, "कुठल्या पेपरच्या वो तुम्ही? उद्या येतोय का फोटू?" आणि पदर नीट करून ताठ उभ्या राहिल्या. मला त्या पाण्याच्या टँकरखाली पाय धुताना हव्या होत्या. मागच्या खेपेला छोट्याकडं बघून एका बाबांनी कीव केली होती, "बाई, फोन न्हाई व्हय तुमच्याकडं?" आणि पुन्हा आपल्या भाकरीकडं वळले. तो भाकरीचा फोटो आमच्या बैठकीत लावलाय.

पावसाळ्याबद्दल जरा ऐका, कारण चूक सगळी माझी आहे. दोन्ही कॅमेरे पाऊस सोसणारे नाहीत. वारीत धूळ आणि पावसाच्या सरीत लेन्स बदलायचा तर प्रश्नच नव्हता, त्यामुळं किट लेन्स बॅगेत तशीच ओल्या टॉवेलाशेजारी राहिली. घरी आल्यावर बॅग कपाटात, कपाट बंद, बाहेर संततधार. वीस दिवसांनी उजेडात धरून पाहिलं तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. दुरुस्तीवाल्यानं सांगितलेली रक्कम ऐकून लेन्सच्या किमतीची आठवण झाली. तेव्हापासून सगळं लाडवांच्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलचे नारिंगी मणी आणि एक छोटं आर्द्रता दाखवणारं घड्याळ. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा राहिला की मी शांत झोपते. मणी हिरवे पडले की स्वयंपाकातून काढलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवायचे. तांदळात ठेवायचा सल्ला मला तिघींनी दिला. नका ठेवू, तांदळाची पूड भिंगाच्या फटीत जाते. लेन्स जेवढ्या वाढतील तेवढं हे पालकत्व वाढतं, हे मिररलेस घेणाऱ्यांनी धरूनच चालावं.

मोबाईलचं काय, असं विचारणारे असतातच. मोबाईल असतोच, पण लांबच्या मुलाचा चेहरा आणि मंद उजेड एकत्र आले की मला तो पुरत नाही. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

शाळेतल्या सहकारी बाई परवा विचारत होत्या, कुठला घेऊ. बजेट त्यांचं किट लेन्ससकट मिररलेसच्या काठावर येऊन थांबत होतं, पुढच्या वर्षीही लेन्सला पैसे निघणार नव्हते. त्यांना मी चांगला वापरलेला एक इंची कॉम्पॅक्ट शोधायला सांगितलं. उरलेल्या पैशांतून जास्तीची बॅटरी घ्या, म्हटलं, कारण एवढ्याशा बॅटरीवर ३२० फोटो हा कंपनीचा आकडा आहे, आणि व्हिडिओ घेत गेलं की माझी दुपारीच मान टाकते. पैसे लेन्सपर्यंत पोचणार असते तर उलट सांगितलं असतं. किट लेन्स न घेता बॉडी आणि एक उजळ भिंग, एवढ्यावरच सुरुवात करा म्हणून.

अडचण एवढीच की वापरलेले कॉम्पॅक्ट आता पूर्वीसारखे स्वस्त राहिले नाहीत. कॉलेजच्या पोरांना जुन्या छोट्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय. तरी बघायला गेलात तर चालू-बंद चार-पाच वेळा करा आणि झूम आत-बाहेर होताना कान लावा, करकर ऐकू आली तर उठा. मग एफ/११ वर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढून तो स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यांपर्यंत बघा. आत धूळ शिरली असेल तर करडे ठिपके दिसतात, आणि हा कॅमेरा उघडून पुसणं घरी होत नाही. व्ह्यूफाइंडर आणि फ्लॅश दोन्ही वर येतात का तेही पाहा. माझ्या वेळी विकणारा फ्लॅश दाखवायचा विसरला होता. मीही विचारायचं विसरले, नशिबानं चालू निघाला.