कोकणात बांधकाम चालवायचं तर शीट घ्यावी, अ‍ॅप घ्यावं की शेड्यूलचं सॉफ्टवेअर?

कोकणात बांधकामाचं वर्ष दसऱ्याला उघडतं आणि मिरगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, मिटतं. हातात आठ महिने, त्यातूनही शिमग्यात स्थानिक गवंडी पालखीपुढे असतो, साइटवर नसतो. मालक मुंबईत, साइट गुहागरला नाहीतर देवगडला, आणि दोघांच्या मध्ये एक सुपरवायझर. ऑनलाइन साधन लागतं ते या मधल्या अंतरासाठी. म्हणून निवडताना फीचर मोजत बसू नका. संध्याकाळी सहाला, काम सुटल्यावर, नोंद कोण करणार आणि तिथे रेंज येते का, एवढं आधी ठरवा.

आमचं मत आधीच सांगतो. एकच घर असेल तर रोजच्या नोंदीला गूगल शीट आणि शिस्तीत चालवलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो. तीन-चार साइट एकदम चालवणाऱ्या कंत्राटदाराला साइट-अ‍ॅपचे पैसे वसूल होतात. शेड्यूलचं सॉफ्टवेअर दोघांनाही हवं, पण ते रोज उघडायची गरज नाही.

शीट आणि व्हॉट्सअ‍ॅप

शीट फुकट आहे, फोनवर चालते आणि ऑफलाइन करून ठेवली तर रेंज नसतानाही भरता येते. चार टॅब करा: हजेरी, माल आला, माल लागला, पैसे दिले. शीट बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं. एक जण ‘सिमेंट’ लिहितो, दुसरा ‘सीमेंट’, तिसरा ‘पीपीसी’ (राखमिश्रित सिमेंट), आणि बेरजेचं सूत्र तिन्ही वेगळे धरतं. मालाच्या नावाला पहिल्या दिवसापासून ड्रॉपडाउन लावा, हातानं टाइप करू देऊ नका.

मग हीच शीट मालकाचे डोळे होते. समजा १,००० चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब आहे. काँक्रीट झालं सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे ११.८ घनमीटर. घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट धरलं तर ३,७७६ किलो, म्हणजे ७६ गोणी. बीमचं वेगळं. ‘माल लागला’मध्ये त्या दिवशी ६० गोणी दिसल्या, तर संध्याकाळीच फोन करायचा. स्लॅब घट्ट झाल्यावर विचारून उपयोग नाही.

वाळू ब्रासमध्ये (१०० घनफुटांचा एक) लिहिताना मालाच्या चलनावरचा आकडा उतरवू नका, गाडीचं माप लिहा. हौदा १२ × ७ फूट आणि भरती अडीच फूट असेल तर २१० घनफूट, म्हणजे २.१ ब्रास. ओली वाळू फुगते, त्यामुळे ती ओली होती की कोरडी हेही एका शब्दात टिपा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की दाबला जातो आणि सळईखालचा कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून वर उचलून धरणारा ठोकळा) नीट दिसत नाही. स्लॅबपूर्वीचे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, टेप लावलेली असू दे. आणि हिशेब ग्रुपवर ठेवू नका. ‘काल १५ गोणी आल्या’ हा मेसेज दोन महिन्यांनी कुणालाच सापडत नाही.

साइट-अ‍ॅप

पॉवरप्ले, ऑनसाइट यांसारखी भारतीय अ‍ॅप हजेरी, माल, फोटो आणि कामाची प्रगती एकत्र ठेवतात. शीटपेक्षा खरा फायदा दोन ठिकाणी दिसतो: नोंदीला वेळ आणि नाव आपोआप चिकटतं, आणि एका साइटवरचा माल दुसरीकडे हलवला की दोन्हीकडचा साठा जुळतो. एका घराला याची गरज सहसा पडत नाही.

पैसे भरण्याआधी साइटवर उभं राहून चाचणी घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, दहा माणसांची हजेरी भरा, तीन फोटो जोडा, अ‍ॅप बंद करा. मग खाली रस्त्यावर, रेंजमध्ये येऊन पाहा, सगळं चढलं का. खोऱ्यातल्या वाडीवर हीच गोष्ट अ‍ॅप तारते किंवा बुडवते. दुसरी चाचणी: सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? येत नसेल तर वर्गणी संपल्यावर तुमचा हिशेब त्यांच्याकडे अडकला.

प्रायमाव्हेरा हे शेड्यूलचं सॉफ्टवेअर महामार्ग आणि बंदरांच्या कामाचं हत्यार आहे, इथे विचारात घेऊ नका.

शेड्यूल

प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे, कॉम्प्युटरवर चालतं आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फाइली उघडतं. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट जास्त सफाईदार आहे, पण घराच्या कामाला त्यातलं बरंचसं न वापरलेलंच राहतं. फसगत दोन्हीकडे सारखी होते, ती कॅलेंडरवर. मूळ कॅलेंडर शनिवार-रविवार सुट्टी धरतं. साइटची सुट्टी असते आठवडी बाजाराच्या दिवशी, शिमग्याला आणि गणपतीत. हे आधी बदला.

क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) मात्र सुट्टी घेत नाही, म्हणून त्याला सात दिवसांचं, रोज ८ तासांचं वेगळं कॅलेंडर करा. तयार असलेलं ‘२४ तास’ कॅलेंडर लावलं की घोटाळा होतो: १४ दिवस म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबी ११२ तास, आणि ते पाचव्या दिवशीच संपतात. कागदावर सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेके) निघालेलं दिसतं, काँक्रीट अजून कच्चं असतं.

आखणी मिरगापासून उलटी करा. ४.५ मीटरपेक्षा लांब गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेके आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे १४ दिवस ठेवायचे, ६ मीटरपेक्षा लांब बीमचे २१ दिवस. हे आकडे ओपीसीचे, म्हणजे साध्या सिमेंटचे आहेत. पीपीसी असेल तर इंजिनिअरला विचारून मुदत वाढवा. शेवटचा स्लॅब १५ मेला पडला तर २९ मेपर्यंत टेकेच उभे. वॉटरप्रूफिंगला दहा दिवस धरले की पाऊस दारात. शेवटच्या स्लॅबला एप्रिलअखेर ही हद्द धरा.

आकडे कुठून घ्यायचे

साधन कुठलंही असो, त्यात भरायचे निकष मात्र चांगल्या ठिकाणाहून घ्या. भारतीय मानकं बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात. आयएस ४५६ : २००० मध्ये किनारी हवेत उघड्या काँक्रीटला किमान एम३० ही ताकदीची प्रत, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि ४५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सांगितलं आहे. खाऱ्या हवेपासून आडोसा असेल तर एम२५ आणि ३० मिमी. २० मिमीचा ब्लॉक सौम्य हवामानाचा आहे. तो इथे आणला की काही वर्षांत सळई गंजते, फुगते आणि छताचे पोपडे पडतात. खाडीची वाळू आणि मचूळ विहिरीचं पाणी त्याला हातभार लावतात. सळईच्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, पाणी तपासून घ्या. सळईवरचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून खरा-खोटा पाहता येतो.

दरांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची कामाची आहे, पण सरळ तुलना करू नका. तिथे घनमीटर आणि चौरस मीटर, इथे ब्रास. त्यातही वाळूचा ब्रास १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर, आणि प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फूट म्हणजे ९.२९ चौरस मीटर. जीएसटी आणि वाहतूक धरली आहे का, ते सुरुवातीच्या टिपांत वाचा.

शिकायचं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी मद्रासचा ‘प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड कंट्रोल’ हा अभ्यासक्रम मोफत पाहता येतो. फी फक्त परीक्षेची. तो इंग्रजीत आहे, म्हणून सुपरवायझरपेक्षा कंत्राटदाराच्या शिकत्या मुलाला जास्त उपयोगी.

आणि स्लॅबच्या दिवशी हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा आदल्या संध्याकाळी आणि तीन तासांचा अंदाज पहाटे, मिक्सर सुरू करण्याआधी पाहा. एप्रिल-मे महिन्यांत वळवाची सर येऊ शकते. ताडपत्री आधीच साइटवर आणून ठेवा.