गोळीऐवजी जेल: इस्ट्रोजेन घेण्याची पद्धत बदलल्यानंतर

इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेन हार्मोनचे अंगाला लावायचे जेल मी वर्षभराहून अधिक काळ वापरत आहे. त्याआधीची काही वर्षे मी याच हार्मोनची गोळी घेत होते, त्यामुळे हे परीक्षण जेवढे एका औषधाचे आहे तेवढेच गोळीकडून जेलकडे जाण्याचेही आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी मोठ्या गाठींमुळे माझी गर्भपिशवी काढावी लागली आणि त्याच शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशयेही काढली गेली. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, आणि नैसर्गिकपणे पाळी जाताना शरीराला जुळवून घ्यायला काही वर्षे मिळतात. अंडाशये काढल्यावर मात्र रक्तातील इस्ट्रोजेन काही दिवसांतच खाली येते. रात्री अंगातून वाफा निघून अंथरूण ओले होणे, झोप तुटणे, सांधे धरणे आणि विनाकारण रडू येणे हे सगळे माझ्या वाट्याला एकदमच आले.

डॉक्टरांनी सुरुवातीला इस्ट्राडायॉल व्हॅलरेटची २ मिलिग्रॅमची गोळी दिली. त्या गोळीबद्दल मी कृतज्ञच आहे, कारण महिन्याभरात वाफा थांबल्या आणि मी पुन्हा माणसांत आले. पुढे मात्र दोन गोष्टी खुपू लागल्या. माझी जुनी अर्धशिशी वाढली आणि प्रत्येक तपासणीत ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातील एका चरबीचा, आकडा वर सरकू लागला. पोटातून घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात जाते. तिथे त्याचा बराचसा भाग इस्ट्रोन या सौम्य प्रकारात बदलतो आणि त्याच वेळी यकृताला जास्त ट्रायग्लिसराइड, रक्त गोठवणारे घटक आणि हार्मोनना बांधून ठेवणारी प्रथिने तयार करण्याची चालना मिळते. त्वचेतून शोषलेले इस्ट्राडायॉल यकृताचा हा पहिला फेरा टाळून सरळ रक्तात उतरते. रेणू तोच असूनही वाट बदलली की परिणाम इतके वेगळे का होतात, याचे उत्तर इथे आहे.

मी वापरते ते जेल ०.०६ टक्के तीव्रतेचे आहे. पंपाच्या एका दाबात सव्वा ग्रॅम जेल, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल बाहेर येते. दोन मिलिग्रॅमच्या गोळीच्या जागी साधारणपणे रोजचे दोन पंप धरले जातात आणि मलाही तेच सांगण्यात आले. ही बरोबरी ढोबळ असते, कारण त्वचेतून होणारे शोषण प्रत्येकीचे निराळे असते. त्यामुळे मात्रा आकड्यांवरून बदलून घेऊन मोकळे होता येत नाही. लक्षणे पाहत राहावी लागतात आणि गरज पडली तर रक्तही तपासावे लागते.

पहिले काही आठवडे सोपे गेले नाहीत. थांबलेल्या वाफा पुन्हा जाणवू लागल्या, विशेषतः पहाटे, आणि गोळी सोडून चूक तर केली नाही ना, अशी शंका मनात येत राहिली. डॉक्टरांनी घाईने मात्रा न वाढवता थांबायला सांगितले आणि ते योग्यच होते. औषधाची रक्तातील पातळी काही दिवसांत स्थिर होत असली तरी लक्षणांवरचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. माझ्या बाबतीत दुसरा महिना संपता संपता वाफा विरळ झाल्या, अर्धशिशीच्या झटक्यांमधले अंतर वाढले आणि नंतरच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड खाली आलेले दिसले. गोळीच्या काळात दुपारी येणारी जडशी मळमळही गेली. मधल्या काळात स्तन दुखरे झाले होते, ते दुखणे आपोआप ओसरले.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट थायरॉइडची आहे, आणि आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी थायरॉइडची गोळी घेत असल्यामुळे तिच्यावर मी थोडे सविस्तर लिहिते. पोटातून घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत थायरॉइड हार्मोनला बांधून ठेवणारे प्रथिन जास्त बनवते. परिणामी हार्मोनचा मोकळा भाग कमी पडतो आणि थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्या स्त्रीची मात्रा अनेकदा वाढवावी लागते. माझीही तशीच वाढवली होती. जेलवर आल्यावर ते प्रथिन हळूहळू कमी झाले, पण थायरॉक्सिन मात्र जुन्याच वाढीव मात्रेत चालू राहिले. मला धडधड होऊ लागली, हात कापू लागले, वजन उतरू लागले, आणि घरच्यांनी हे सगळे पाळी जाण्याच्या खाती टाकले. थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएच फारच खाली गेलेला आढळला, म्हणजे थायरॉक्सिन जास्त होत होते, आणि थायरॉक्सिन कमी केल्यावर काही आठवड्यांत मी पूर्ववत झाले. इस्ट्रोजेन एक डॉक्टर देतात आणि थायरॉइड दुसरे पाहतात, त्यामुळे एकाने केलेला बदल दुसऱ्याला कळत नाही. गोळीवरून जेलवर किंवा जेलवरून गोळीवर जाणाऱ्या आणि थायरॉक्सिन घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीने दोन्ही डॉक्टरांना तो बदल सांगावा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वापराबद्दल सांगायचे तर आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे करून एका दंडापासून मनगटापर्यंत जेलचा पातळ थर पसरायचा. चोळून जिरवायची गरज नसते, आणि स्तनांवर ते लावायचे नसते. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लावलेली जागा निदान तासभर ओली करू नये. जेल अल्कोहोलमध्ये केलेले असल्याने ते सुकेपर्यंत गॅसजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ जाऊ नये. रत्नागिरीच्या पावसाळी हवेत ते सांगितलेल्या पाच मिनिटांत सुकत नाही, मला पंख्याखाली बसावे लागते. घरात लहान मूल असेल तर ही बाब गंभीर आहे, कारण न सुकलेल्या त्वचेचा स्पर्श झाल्यास हार्मोन मुलाच्या अंगात जाऊ शकते. माझी नात सकाळी उठल्याबरोबर गळ्यात पडते, म्हणून मी लावण्याची वेळ रात्रीची केली आणि वरून लांब बाह्यांचा सदरा घालते. अल्कोहोलमुळे कोपराच्या वरची त्वचा थोडी रखरखीत झाली, एवढाच त्वचेचा त्रास झाला.

रक्त तपासताना एक काळजी घ्यावी. ज्या हाताला जेल लावलेले असते त्याच हातातून नमुना घेतला तर त्वचेवरचे औषध सुईबरोबर मिसळून इस्ट्राडायॉलचा आकडा भलताच फुगून येऊ शकतो. नमुना घेणाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही. मी आदल्या रात्री फक्त उजव्या हाताला जेल लावते आणि सकाळी डावा हात पुढे करते.

इस्ट्रोजेन म्हटले की कर्करोग आणि रक्ताची गाठ यांची भीती येतेच. या भीतीचा मोठा वाटा अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाच्या २००२ मधील निष्कर्षांतून आला. त्यात घोडीच्या मूत्रापासून मिळवलेल्या इस्ट्रोजेनची गोळी कृत्रिम प्रोजेस्टोजेनसह दिली होती आणि सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिलेला भाग २००४ मध्ये पक्षाघाताच्या वाढीव धोक्यामुळे थांबवला गेला, पण त्यात स्तनांचा कर्करोग वाढलेला आढळला नाही. पुढे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात शिरेत गाठ होण्याचा धोका गोळी घेणाऱ्यांमध्ये वाढलेला आणि त्वचेवाटे घेणाऱ्यांमध्ये न वाढलेला दिसला. ज्यांची गर्भपिशवी जागेवर आहे त्यांना मात्र तिच्या अस्तराच्या रक्षणासाठी जेलबरोबर प्रोजेस्टेरॉनही घ्यावे लागते. माझा अनुभव त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्यांची गोष्ट तर पूर्ण वेगळी आहे.

इथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिशीत अंडाशये गमावलेल्या स्त्रीची हाडे आणि हृदय यांचे पुढे काय होते, आणि नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत तिला इस्ट्रोजेन मिळायला हवे की नाही, याची चर्चा त्यानंतरही माझ्या वाचनात क्वचितच आली. दरमहा जेलची बाटली घेणे मला परवडते, त्यांना साधी गोळीसुद्धा कोणी लिहून देत नसेल, हा विचार अस्वस्थ करतो.

जेलचे तोटे आहेत. ते गोळीपेक्षा महाग पडते. ८० ग्रॅमच्या बाटलीत ६४ मात्रा असतात, म्हणजे रोज दोन पंप घेतले की बाटली जेमतेम महिनाभर पुरते. आमच्या मेडिकलमध्ये ते ठेवत नाहीत, कोल्हापूरहून मागवावे लागते, आणि पावसात घाट बंद झाला की धाकधूक होते. त्यामुळे मी एक बाटली नेहमी शिल्लक ठेवते. आठवड्यातून दोनदा बदलायच्या पट्टीचा पर्यायही मी पाहिला, पण घामाने तिच्या कडा सुटत राहिल्या.

ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या, अर्धशिशी असलेल्या किंवा रक्ताची गाठ होण्याचा धोका असलेल्या स्त्रियांनी गोळीवर समाधान न मानता डॉक्टरांशी जेलबद्दल बोलावे. जिला गोळी मानवते आहे आणि जिच्या तपासण्या ठीक आहेत, तिने केवळ नवे म्हणून याच्या मागे लागण्याचे कारण नाही. माझी मात्रा आता थोडी उतरवून पाहायची आहे, आणि नेमके तिथेच या बाटलीचे एक उणेपण आडवे येते: पंपाचा दाब पूर्णच होतो, अर्धा मोजून घेता येत नाही. म्हणून सध्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एक दिवस दोन आणि एक दिवस एक असे पंप घेते आणि वाफांची नोंद कॅलेंडरवर करून ठेवते.