शिकोकूची ८८ देवळं पायी: टोप, काठी, वही आणि बूट, वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. देवळाबाहेरच्या दुकानात यात्रेकरूंचा म्हणून जो सेट विकतात, पांढरा अंगरखा, गवताचा टोप, लाकडी काठी, तो बघून फॅन्सी ड्रेस वाटतो, पण वाटेवर सगळ्यात जास्त कामाला तोच येतो. आउटडोअरच्या दुकानातून भरपूर पैसे मोजून आणलेल्या वस्तूंचा नंबर त्याच्यानंतर. अपवाद फक्त बूट. सगळं सामान थंडीत, उन्हात, पावसात काही महिने वापरून झालंय, म्हणून आता लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सगळ्यात छोटं ते शिकोकू, त्याला गोल फेरी मारत ८८ देवळं, एकूण साधारण १,२०० किमी. बौद्ध धर्मातला शिंगोन पंथ जपानात सुरू करणारे कूकाई (७७४-८३५), ज्यांना लोक कोबो दाइशी म्हणतात, त्यांच्या नावाने ही यात्रा चालते. तोकुशिमा, कोची, एहिमे, कागावा असे चार प्रांत लागतात. एका दमात चालायचं तर दीड महिना तरी हवा, आणि मी तोक्योत आयटीत, एवढी रजा मागितली तर बॉस हसेल, त्यामुळे तुकडे पाडून चाललो, जिथे सोडलं तिथूनच पुढे. जपानी लोकही बरेचसे असंच करतात. वारीसारख्या तारखा, दिंडी, ठरलेले मुक्काम असलं काही नाही, कुठूनही सुरू करा, उलटं फिरा (लीप वर्षात तर उलट्या फेरीचं पुण्य जास्त मानतात). बहुतेक जण एक नंबरच्या र्योझेन्जीपासूनच निघतात, बांदो स्टेशनवर उतरून थोडं चाललं की आलं. या देवळाचं नाव आपल्या बिहारमधल्या राजगीरच्या गृध्रकूटावरून, म्हणजे बुद्धांनी जिथे उपदेश केला त्या टेकडीवरून आहे, हे कळल्यावर मला उगाचच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं.

टोपापासून सुरू करतो. सुगेगासा म्हणतात, कोकणातलं इरलं डोक्यापुरतं कापून घ्यावं तसा प्रकार. वजन जवळजवळ नाही, आत एक रिंग असते त्यामुळे डोक्याला वारा लागतो, घाम टोपीसारखा साचत नाही. पावसासाठी वरून प्लास्टिकचं कव्हर मिळतं, ते नक्की घ्या. चष्मा असणाऱ्यांनी तर घ्याच, कारण काचेवर थेंब येत नाही आणि रेनकोटची टोपी डोक्यावर ओढावी लागत नाही, म्हणजे मागून येणारी गाडी ऐकू येते. कोचीच्या किनाऱ्यावर तासन् तास हायवेच्या कडेने चालायचं असतं तिथे हे ऐकू येणं फार महत्त्वाचं. दोष दोन आहेत. सॅक उंच असेल तर टोपाची मागची कड तिच्यावर आपटत राहते, मान वर केली की टोप पुढे सरकतो, सुरुवातीला या एका गोष्टीने डोकं फिरतं. आणि वारा. मुरोतो टोकाकडे जाताना समोरून ट्रक गेला की हनुवटीची दोरी गळ्यात रुतते. टोपावर समोरच्या बाजूला सिद्धम या संस्कृतसाठीच्या जुन्या लिपीतलं एक अक्षर असतं, ते पुढे येईल असा घालायचा, आणि हा टोप देवळातसुद्धा काढावा लागत नाही.

काठी म्हणजे कोंगोझुए. ही पूर्ण प्रवासातली सगळ्यात चांगली खरेदी, माझ्याकडे ॲल्युमिनियमचे ट्रेकिंग पोल असूनही सांगतो. ११ नंबरचं फुजीइदेरा ते १२ नंबरचं शोसान्जी हा टप्पा जेमतेम १३ किमीचा, पण चढ-उतार असे की त्याला 'हेन्रो कोरोगाशी' म्हणजे यात्रेकरूला गडगडवणारा असंच नाव पडलंय, आणि तिथे ओल्या मुळांवरून उतरताना काठीने मला किती वेळा सावरलं ते मोजलं नाही. २० नंबरच्या काकुरिन्जीहून पार खाली नाका नदीपर्यंत उतरून परत ताइर्यूजीला तेवढंच चढायचं, तिथेही तेच, गुडघे दुखणाऱ्यांनी काठीशिवाय जाऊच नये. काठीला कोबो दाइशींचं रूप मानतात, म्हणून तिचे नियम आहेत. मुक्कामाला पोचलात की आधी काठीचं टोक धुवायचं, मग स्वतःचे पाय. पुलावरून जाताना टेकवायची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते म्हणे, तो पूल एहिमेत ओझू गावात दाखवतात. रोज पाळताना अंगवळणी पडतं, आता तोक्योत फुटब्रिजवर छत्री टेकवली तरी हात आपोआप वर जातो.

टोक डांबरावर घासून घासून कुंच्यासारखं फुलतं. ते सुरीने कापायचं नाही म्हणतात, दगडावर घासून काढायचं. शेवटपर्यंत काठी चांगली बोटभर तरी झिजते. आणि एक, काठीवर नाव लिहा, देवळाबाहेरच्या स्टँडमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात, बसने येणारा ग्रुप निघून गेला की शिल्लक राहिलेली काठी आपलीच असेल याची गॅरंटी नाही.

अंगरखा बिनबाह्यांचा घ्या, खाली पूर्ण बाह्यांचा उन्हाचा शर्ट. कापड साधं सुती, रात्री मशिनला लावलं की सकाळपर्यंत वाळतं, थंडीत मात्र नाही वाळत. पाठीवर 'नामु दाइशी हेन्जो कोंगो' हा दाइशींच्या नावाचा जप लिहिलेला असतो, तो सॅकने झाकला जातो, पण पांढरा रंग बोगद्यात गाड्यांना दिसतो. बोगदे बरेच आहेत, ३७ ते ३८ च्या वाटेवर तर दीड किमीपेक्षा लांब एक आहे, तिथे सॅकला लुकलुकणारा लाल दिवाही लावा.

पण अंगरख्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. तो घातला की तुम्ही टुरिस्ट राहत नाही, ओहेन्रोसान म्हणजे यात्रेकरू होता. वाट चुकलात तर शेतातून कोणीतरी ओरडून सांगतं की तिकडे नाही इकडे. गाडी थांबवून चहाची बाटली देतात, एहिमेत संत्र्यांची पिशवीच हातात कोंबतात (ओझं तुमचं तुम्ही बघा), एका आजींनी तर पाचशे येनचं नाणं कागदात गुंडाळून दिलं आणि माझ्या वतीने पण नमस्कार कर म्हणाल्या. याला ओसेत्ताई म्हणतात, नाही म्हणायचं नसतं, बदल्यात आपल्या नावाची चिठ्ठी म्हणजे ओसामेफुदा द्यायची. पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत चिठ्ठी पांढरी, मग हिरवी, लाल, चंदेरी, ५० च्या वर सोनेरी आणि १०० फेऱ्या झालेल्यांची जरीच्या कापडाची. जुन्या काळात नाकात्सुकासा मोहेई नावाचे एक गृहस्थ २८० वेळा फिरले, त्यांनी उभारलेले दिशादर्शक दगड अजून वाटेत दिसतात. गाडीतून सोडतो म्हणणारेही भेटतात, पायीवाल्यांनी हात जोडून नको म्हटलं तर कोणी वाईट मानत नाही. साध्या ट्रेकिंगच्या कपड्यांत मी एक तुकडा चाललो होतो, मुद्दाम, फरक बघायला. लोक तेव्हाही सभ्यच होते, पण कोणी हाक मारली नाही.

आता वही, नोक्योचो. प्रत्येक देवळात मुख्य मंडपात आणि दाइशींच्या मंडपात मेणबत्ती, उदबत्ती लावून हृदयसूत्र (बौद्धांचं छोटं सूत्र, मूळ संस्कृत) म्हणून झालं की ऑफिसात वही द्यायची, ते ब्रशने सुंदर अक्षरात लिहून तीन लाल शिक्के मारून देतात. एप्रिल २०२४ पासून याचे ३०० चे ५०० येन झाले, म्हणजे ८८ चे ४४,००० येन, हे बजेटमध्ये धरा. पैशापेक्षा त्रास वेळेचा. ऑफिस पूर्वी सकाळी ७ ला उघडायचं, आता ८ ते ५. चालणाऱ्याला हा एक तास फार महाग पडतो, कारण मिन्शुकुत, म्हणजे जपानी घरगुती लॉजमध्ये, तुम्ही साडेसहाला जेवून तयार आणि पहिलं देऊळ समोरच असलं तरी ८ पर्यंत ताटकळायचं, आणि संध्याकाळी ५ ला पाच मिनिटं कमी असताना पायऱ्या धावत चढायच्या. त्यात पुढे बसचा ग्रुप असेल तर त्यांचा गाइड वह्यांचा गठ्ठाच टेबलावर ठेवतो. वही झिपच्या पिशवीत ठेवा, पावसात शाई गेली तर परत पहिल्यापासून.

हृदयसूत्र जपानी उच्चारात ऐकताना शेवटी 'ग्याते ग्याते हारा ग्याते' आलं की आपल्याला लगेच 'गते गते पारगते' ओळखू येतं. शेजारचे काका मला विचारायचे, भारतात रोज म्हणतात का हे? काय सांगणार.

बूट. इथे मात्र परंपरा विसरा. फोटोंत जंगलाच्या पायवाटा दिसतात, प्रत्यक्षात बहुतेक वाट डांबरी आहे, २३ ते २४ हे एकच अंतर ७५ किमीच्या आसपास आणि ३७ ते ३८ तर ८० च्या वर, तेही जास्त करून समुद्राकाठच्या रस्त्याने. जड लेदरचे बूट घालून आलेले लोक मी कोचीत चपलांवर लंगडताना बघितलेत. मी ट्रेल रनिंगचे जाड सोलचे, एक माप मोठे घेतले, कारण दुपारनंतर पाय सुजतात. वॉटरप्रूफ नव्हते, भिजायचे, पण रात्री वर्तमानपत्र कोंबलं की सकाळी घालण्यासारखे व्हायचे. एहिमेत माझ्या जोडीचे सोल गुळगुळीत झाले. पाय मोठा असेल तर दुसरी जोडी शहरातच घ्या, मात्सुयामा किंवा कोची, छोट्या गावांत मोठी मापं मिळत नाहीत. पाच बोटांचे मोजे जपानात कुठेही स्वस्तात मिळतात, फोड येणं निम्म्यावर आलं, मी आता ऑफिसलाही तेच घालतो.

शाकाहारी मंडळींसाठी कडू बातमी. मिन्शुकुचं जेवण म्हणजे मासे, आणि देवळातली राहायची जागा म्हणजे शुकुबो, तिथेही शाकाहारीच मिळेल असं नाही. कागावाचा उदोन (जाड नूडल्स) प्रसिद्ध, पण रस्सा सुक्या मासळीचा. बुकिंग करताना सांगितलं तर काही जण भाज्या-टोफू करून देतात, काही जण सरळ जमणार नाही म्हणतात, आणि तेच बरं. मी बरोबर मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली होती, भात पोटभर मिळतोच, त्याच्यावर निभावलं. मिन्शुकुवाल्या बाईंनी मेतकूट चाखून बघितलं, चेहऱ्यावरून आवडलं असं काही वाटलं नाही.

बुकिंग फोनवर, जपानीत. आदल्या दिवशी मुक्कामाच्या मालकिणीला विनंती केली की ती पुढच्याला फोन लावून देते, ही सगळ्यात खात्रीची पद्धत. मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक, म्हणजे सलग सुट्ट्यांचा आठवडा, टाळा. जून-जुलैचा पाऊस आणि ऑगस्टचा उकाडाही टाळा, मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा. रोख पैसे जवळ हवेतच, बाहेरचं कार्ड असेल तर सेव्हन-इलेव्हन आणि पोस्टाच्या एटीएममध्ये चालतं. गूगल मॅप हायवेवर ढकलतो, खांबांवरचे लाल बाणाचे स्टिकर बघत चाला, जुनी वाट तीच.

८७ ते ८८ च्या मध्ये माएयामाला हेन्रो सलून हे यात्रेकरूंचं केंद्र आहे, तिथे पायी पूर्ण करणाऱ्यांना फुकट प्रमाणपत्र देतात, वाकडी वाट करावी लागत नाही, वाटेतच आहे. ८८ नंबरच्या ओकुबोजीला काठी अर्पण करून ठेवता येते. मी नाही ठेवली, कारण त्यानंतर फेरीबोटीने वाकायामाला उतरून कोयासान डोंगरावर दाइशींच्या समाधीला जायचं होतं, आणि तिथल्या उतारावर परत लागलीच. सध्या ती दाराच्या कोपऱ्यात आहे, बायको विचारते हिचं काय करायचं. उलटी फेरी मारायचा विचार आहे, तेव्हा काठी तीच आणि अंगरखा तोच. टोप मात्र नवा घेणार, एक माप छोटा, सॅकवर न आपटणारा.